रात्रपाळीवाला झोपलाय आणि पिक्चर चालू आहे

आजचा एपिसोड रिमोट हातात धरूनच पिक्चर बघणाऱ्यांसाठी.

देहूरोडकरांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. चाकण, भोसरीच्या कंपन्यांत पाळ्या, त्यामुळे घरात कोणी ना कोणी झोपलेलं असतंच. बाहेर जुना हायवे, लोकल. हिरो कुजबुजतो म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच सीनला फायटिंग! झोपलेला माणूस दचकून उठतो.

यात टीव्हीचा दोष तसा कमी आहे. पिक्चरचा आवाज थिएटरच्या हिशोबाने बसवलेला असतो. तिथे एका स्पीकरची नेहमीची पातळी 85 डेसिबल धरतात आणि त्यावर आणखी 20 डेसिबल उसळायला जागा ठेवतात. साधारण 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे 20 ला चौपट. शिवाय संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, आणि आपल्या टीव्हीला तो नसतोच. सगळा आवाज दोन स्पीकरमध्ये कोंबला की बोलणं म्युझिकखाली दबतं.

म्हणून आधी ॲपमधला ऑडिओचा पर्याय उघडा. भाषेपुढे 5.1 लिहिलेलं असेल तर ते सोडून साधा स्टिरिओ घ्या. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम शोधा. नाव कंपनीगणिक बदलतं.

इक्वलायझरच्या नादी लागू नका. तो बास-ट्रेबल बदलतो, लहान-मोठा आवाज सारखा करत नाही. ते काम कॉम्प्रेसरचं. विंडोज कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल तर टूल्स, मग इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथे ऑडिओ इफेक्ट्समध्ये कॉम्प्रेसर सापडेल. थ्रेशोल्ड उणे 20, रेशो 4 पासून सुरुवात करा. रेशो 4 म्हणजे काय, तर ठरवलेल्या रेषेच्या 12 डेसिबल वर जाणारा आवाज फक्त 3 च वर जातो. मग मेकअप गेनने सगळंच थोडं वर आणायचं, की कुजबुजही ऐकू येते.

इअरफोनवाल्यांनो, तुमचं प्रकरण जास्त गंभीर आहे. संवादासाठी वाढवलेला आवाज स्फोटाच्या वेळी थेट कानात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास.

आता एक गोष्ट माझ्या मताची. 2016 चा ‘सैराट’ आठवा. अजय-अतुलचा तो भला मोठा ऑर्केस्ट्रा, आणि शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. कॉम्प्रेसर ती शांतता घालवत नाही, शून्याला कितीही वाढवा, शून्यच. पण आधीचं सगळं सपाट करून ठेवलं असेल, तर ती शांतता तेवढी अंगावर येत नाही. तेव्हा ‘सैराट’ लावायचा असेल तर घरातले कामावर गेल्यावर लावा, आणि कॉम्प्रेसरची टिक काढून ठेवा.