गटाची यादी कुणाच्याही मोबाईलवर उघडली पाहिजे



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातले बचत गट दोन ठिकाणी विभागले जातात. काही जणी कोयता घेऊन टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात जातात. बाकीच्या गावात राहतात. मीटिंगला सगळ्या जमत नाहीत, पण बचत थांबत नाही आणि कर्जाचं व्याज तर अजिबात थांबत नाही. मग यादी मोबाईलवरून फिरते. तीच यादी फडावरच्या मोबाईलवर, गावातल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर आणि बँकेतल्या कॉम्प्युटरवर उघडावी लागते. प्रत्येक ठिकाणी उघडली तर ठीक, नाहीतर सगळं अडतं. आज बोलायचंय ते याच अडण्याबद्दल.

आमच्या भागातल्या एका गटानं कर्जासाठी सभासदांची यादी तालुक्याच्या गावी टाईप करून घेतली. छापील कागद छान दिसत होता. पुढं दोन नावं दुरुस्त करायची निघाली, म्हणून फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर मराठीचा पत्ता नाही! इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण, असं काहीतरी. सगळ्यांना वाटलं फाईल खराब झाली, नाहीतर व्हायरस शिरला. ज्यानं टाईप केलं होतं त्यानं दुकान बंद करून धंदा बदलला होता. यादी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली आणि त्यातल्या तिघी तेव्हा फडावर होत्या. कागदपत्रं जमवण्यात महिना गेला.

फाईल खराब झाली नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. समजा तुमच्या फडताळातल्या डब्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर आहेत. तुम्ही नणंदेला निरोप दिला, ‘पाच नंबरच्या डब्यातलं दोन चमचे घाल.’ तुमच्या घरी पाच नंबरला तिखट आहे, तिच्याकडं साखर. निरोप बरोबर पोचला, भाजी मात्र बिघडली. जुन्या मराठी फाँटचं असंच आहे. कॉम्प्युटरमध्ये जेमतेम अडीचशे जागा असायच्या आणि त्या इंग्रजीसाठी ठरलेल्या. फाँट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर आपापल्या सोयीनं मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. श्रीलिपीची मांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथं ‘क’ दिसतो. जिथं नाही, तिथं त्याच नंबरचं इंग्रजी चिन्ह दिसतं.

याबद्दल त्या फाँटवाल्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. दुसरी सोयच नव्हती त्या काळात आपल्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, साप्ताहिकं त्यांच्यामुळंच छापली गेली. पण तो काळ गेला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं आपल्या लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं मानक काढलं. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली आहे, म्हणजे त्यात आपल्याकडचंही काम आहे. युनिकोडमध्ये ‘क’चा नंबर २३२५. तो माजलगावात २३२५, मुंबईत २३२५ आणि जपानमध्येही २३२५. आता सगळ्यांच्या फडताळात पाच नंबरला तिखटच. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरमध्ये मंगल नावाचा युनिकोड फाँट येऊ लागला. तुमच्या हातातल्या मोबाईलवर मराठीत जे टाईप होतं, बोलून केलं तरी, ते युनिकोडच असतं.

तरीही छपाईच्या कामासाठी अजून पुष्कळ ठिकाणी जुन्या फाँटमध्येच टाईप करतात. हाताला ती सवय असते आणि वेग असतो. म्हणून आपण विचारायचं. पैसे देण्याआधी, टायपिंग सुरू होण्याआधी विचारायचं: ‘दादा, हे युनिकोडमध्ये करताय ना?’ एवढंच वाक्य. ‘मराठीत करा’ म्हटलं तर तो मराठीतच करील, पण कोणत्या नंबरांनी ते कळणार नाही. आणि काम झालं की फाईल पेनड्राइव्हवर किंवा मोबाईलवर मागून घ्यायची. दोन फाईली घ्यायच्या. एक पीडीएफ, ती कुठंही जशीच्या तशी दिसते कारण फाँट तिच्या पोटात असतो. पण पीडीएफमध्ये नाव दुरुस्त करता येत नाही, म्हणून दुसरी मूळ फाईल. बरीच दुकानं पीडीएफ देऊन मोकळी होतात आणि मूळ फाईल त्यांच्याकडंच राहते. पुढच्या वर्षी दोन सभासद बदलल्या की पुन्हा त्याच दुकानात जावं लागतं. गटाचे पैसे, गटाची नावं, आणि किल्ली दुसऱ्याकडं.

कागद आहे पण वाचणारा नाही, हे आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुने दस्त उर्दूत, नाहीतर मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांना बोलवावं लागलं. त्या कागदांवर ही वेळ यायला काही पिढ्या गेल्या. आपल्या फाईलीवर ती पाचसहा वर्षांत येते.

आता फाईल उघडली आणि बिघडलेली दिसली तर घाबरायचं कधी, ते सांगते. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतोय? मजकूर बहुतेक शाबूत आहे. तो कोणत्या फाँटमध्ये होता ते शोधा. त्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं असतात. नुसते रिकामे चौकोन दिसतात? तिथं अक्षराचं चित्र नाही, पण नंबर आहेत. दुसऱ्या मोबाईलवर उघडून बघा. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली, तर समजा की त्या फाईलीतून अक्षरं गेली. साध्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून सेव्ह करताना खाली ‘एन्कोडिंग’ म्हणून एक रकाना असतो. तिथं ‘एएनएसआय’ निवडलं की असं होतं. नोटपॅड आधी इशारा देतं, पण घाईत आपण ‘ओके’ दाबतो. तिथं ‘यूटीएफ-८’ असलं पाहिजे. एक्सेलची यादी ‘सीएसव्ही’ करून मागितली, तरी त्यातला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्यायचा. प्रश्नचिन्हाची फाईल दुरुस्त करत बसू नका, जिनं पाठवली तिच्याकडून मूळ फाईल मागा.

कन्व्हर्टरनं बदललेली यादी न वाचता पुढं पाठवू नका. आपल्या मराठीत एक खोडी आहे, ती हिंदीत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द. एकात डोंगर उतरायचा, दुसऱ्यात होडी. ‘आचाऱ्याला पैसे दिले’ आणि ‘आचार्याला पैसे दिले’ यात तर माणूसच बदलतो! गटानं लग्नाच्या स्वयंपाकाचं काम घेतलं असेल तर हिशेबात आचारी येणारच. हा ‘ऱ्या’ कॉम्प्युटरवर दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण आतले नंबर वेगळे. म्हणून ‘गोऱ्हे’ आडनाव एकीनं एका रीतीनं टाईप केलं आणि दुसरीनं दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर यादीत असलेली बाई ‘नाही’ म्हणून दिसू शकते. अशी नावं डोळ्यांनीच तपासायची.

अक्षरं बरोबर आली तरी ओळी बिघडतात, तेही सांगते. टाईपरायटर शिकलेल्यांना आठवेल. ओळ संपली की दांडा ढकलायचा. त्यात दोन कामं व्हायची: गाडा सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. कॉम्प्युटरनं ही दोन कामं दोन नंबरांनी लिहिली, तेरा आणि दहा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन्ही लिहितं. लिनक्स फक्त दहा लिहितं. आपला ॲन्ड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच कुळातला. त्यामुळं मोबाईलवर एकाखाली एक लिहिलेली नावं विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसायची. २०१८ मध्ये नोटपॅडमध्ये ती सुधारणा झाली. सेवा केंद्रात जुना कॉम्प्युटर असेल तर आजही तसं दिसू शकतं. नावं गेलेली नसतात. तीच फाईल वर्डपॅडमध्ये उघडून द्या म्हणावं, ओळी परत येतात.

ज्यांच्या लेकी पॉलिटेक्निकला किंवा कॉम्प्युटरच्या कोर्सला आहेत त्यांनी हे त्यांच्या कानावर घाला. कॉलेजात लिनक्स आणि घरी विंडोज असेल, तर घरी बरोबर लिहिलेली लिनक्सची स्क्रिप्ट तिथं चालतच नाही. कारण पहिल्या ओळीच्या शेवटचा तो न दिसणारा तेरा नंबर. पोरगी रात्रभर चूक शोधत बसते आणि चूक डोळ्यांना दिसणारी नसतेच. चांगल्या कोड एडिटरमध्ये ओळीचा शेवट बदलायची सोय असते, ती वापरायची. प्रोग्राम वर्डमध्ये लिहायचा नाही, वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतं. आणि व्हॉट्सॲपवर मेसेज म्हणूनही पाठवायचा नाही. तिथं शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणीची खूण असली की खुणा लपतात आणि शब्द ठळक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आपल्या यादीलाही हेच लागू आहे.

फाईलीच्या नावाबद्दल थोडं. तारीख लिहिताना तिरपी रेघ घालू नका, विंडोजला ती नावात चालत नाही. दोन टिंबांची खूण आणि प्रश्नचिन्हही चालत नाही. आडवी छोटी रेघ चालते. नाव इंग्रजीत देत असाल तर सगळं लहान लिपीत द्या. लिनक्सला मोठी आणि लहान अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला सहसा नाही.

टोळ्या निघायच्या आधी एक काम करून ठेवा. गटाची यादी मोबाईलवर टाईप करा, डॉक्युमेंट म्हणून तीन जणींना पाठवा: एक फडावर जाणारी, एक गावात राहणारी आणि एक सेवा केंद्रात जाऊन कॉम्प्युटरवर उघडून बघणारी. मग फोनवर तिघींकडून एकेक नाव वाचून घ्या. ज्या नावात ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्हे’ आहे, ते सगळ्यात आधी.