पाळीचे पाणी आणि संगणकाची आवृत्ती



नीरा डाव्या कालव्यावर बारामतीकडे बसलेला बागाईतदार आणि खाली इंदापुरात शेपटाला बसलेला शेतकरी, दोघांचा पहिला प्रश्न एकच : "आवर्तन कधी सुटणार?" तारीख पक्की ठाऊक असली की वरचा माणूस बेताने भिजवतो. पुढच्या पाळीचा भरवसा नसला की तोच उसात पाणी तुंबवून ठेवतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला काय सांगता! पण असाच पेच संगणकाच्या जगात पडला होता. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तो सर्वांना खुला केला. जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. त्याची एक मोठी आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये निघाली. पुढचीला डिसेंबर २००३ उजाडला. एवढं थांबायचं म्हटल्यावर जो तो आपलं अर्धंकच्चं काम याच पाळीत घुसवणार, आणि तारीख आणखी लांबणार. ज्यांना नड होती ते नवे भाग उचलून जुन्या आवृत्तीला परस्पर जोडू लागले. पाट फोडण्यातलाच प्रकार!

मग रीत बदलली. आता दर नऊ-दहा आठवड्यांनी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे दार उघडे. पुढे फक्त दुरुस्त्या. राहिला त्याने पुढच्या पाळीला यावे.

शेपटाचा माणूस इथेही आहे. तो भाषांतर करणारा. पडद्यावरच्या खिडक्या पुरवणारा ग्नोम हा प्रकल्प मार्च आणि सप्टेंबरात आवृत्ती काढतो. त्याआधी काही आठवडे पडद्यावरचे शब्द गोठवतात. नाहीतर मूळ लिहिणारा शेवटच्या रात्रीपर्यंत शब्द बदलणार, आणि मराठी करणाऱ्याच्या वाट्याला कोरडा पाट. पडद्यावर निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी दिसतं ना गुरुजी, त्याचं एक कारण हेही असतं.

उपमा सगळीच जुळत नाही. राहिलेली आज्ञावली दोन महिने वाट पाहते, एप्रिलातला उभा ऊस पाहत नाही. धरणात पाणी किती, हेही पावसाच्या हाती. तेव्हा आवर्तन पुढेमागे होणारच. पण ते आधी कळवायला पाऊस आडवा येत नाही. उबुंटू या प्रणालीची २००६ ची आवृत्ती एप्रिलऐवजी १ जूनला निघाली, सहा आठवडे उशिरा; तसं होणार हे मार्चमध्येच सर्वांना सांगून टाकलं होतं.