फॉर्म कुणाला दिला?

दोस्तांनो, गोदीत गोणीचं वजन काट्यावर ठरतं, मुकादमाच्या नजरेवर नाही. शाळेत उलटं. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ऐका.

फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटी आहे. तिथल्या शाळांत हुशार पोरांचे खास वर्ग. त्यासाठी बुद्ध्यंक १३० हवा. गरिबाघरच्या पोरांना ११६. (हे मापच खरं की खोटं, त्यावर पुन्हा कधीतरी भांडू.) म्हणजे सवलत कागदावर होतीच. पण तपासायला पाठवायचं कुणाला? बाई नाव सुचवतील त्याला, नाहीतर ज्याचे आईबाप मागे लागतील त्याला. पैसेवाले खाजगी तज्ज्ञाकडून मोजून आणायचे. राबणाऱ्या बापाला असा वर्ग असतो हेच ठाऊक नाही, तो काय मागे लागणार?

२००५ पासून तिथं दुसरीतल्या एकूणएक पोराची प्राथमिक चाचणी सुरू झाली. तिसरीत काळ्यांची शंभरातली एकाची तीन पोरं झाली, लॅटिन वंशाची दोनाची सहा. गोऱ्यांचीसुद्धा सहाची आठ. कुणाचं ताट ओढलं नाही. अट तीच होती, फक्त सगळ्यांपुढं कागद ठेवला.

२०१० मध्ये पैसा नाही म्हणून ही चाचणी थांबवली. जुनी दरी होती तेवढीच परत! काटकसरीचा सुरा पहिल्यांदा कुणावर फिरतो, हे तुम्हाला काय सांगू?

माझ्या शाळेत स्कॉलरशिपला कोण बसणार, हे गुरुजीच ठरवायचे. आमच्या मागच्या बाकापर्यंत फॉर्म कधी आलाच नाही. आणि हेच लोक पुढं मेरिट मेरिट म्हणून बोंबलतात.

उद्या आपल्या वस्तीतल्या शाळेत जा. हजेरीपट समोर ठेवा आणि एकेक नाव घेऊन विचारा.