'मला लग्न नको' हे पुरेसं उत्तर आहे



पुसेगाव पंचक्रोशीतल्या लेखक-वाचकांनी भरलेल्या या मंडपात मला अध्यक्षपदाचा मान मिळाला आहे. पण अध्यक्षानं सगळ्यांना गोड लागेल तेवढंच बोलावं, ही प्रथा मला मान्य नाही. ज्यांच्यावर आपल्या घरांनी आणि आपल्या साहित्यानं मिळून अन्याय केला, त्यांची बाजू घेऊन मी उभी आहे.

काही माणसांना आयुष्यात कुणाहीबद्दल लैंगिक ओढ वाटत नाही. त्यांना असेक्शुअल म्हणतात. काहींना कुणाच्या प्रेमात पडावंसंच वाटत नाही, ते अरोमँटिक. कुणी दोन्ही असतं, कुणी एकच. एखादीला जोडीदाराचा जिव्हाळा हवा असतो, शरीरसंबंध नको असतो. कुणाला ती ओढ क्वचित वाटते, कुणाला गाढ विश्वास जुळल्यावरच. माया, मैत्री, आईबापांची काळजी यांत मात्र ही माणसं कुठंही कमी नसतात.

ही शहरातली नवी थेरं आहेत, असं कुणी म्हणू नये. ब्रिटनमधल्या 18 हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास अँथनी बोगार्ट यांनी 2004 साली प्रसिद्ध केला. कुणाहीबद्दल लैंगिक ओढ कधीच वाटली नाही, असं सांगणारे त्यात शंभरात साधारण एक होते. 2013 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथानं स्पष्ट केलं, की स्वतःला असेक्शुअल म्हणणाऱ्या माणसाला इच्छा नाही म्हणून विकाराचं निदान चिकटवायचं नाही. आपण मात्र अजून अंगारे लावतो, मंगळाची शांत करतो. पोरगी लग्नाला नाही म्हणाली की तिचं कुठंतरी सूत आहे, पोरगा नाही म्हणाला की त्याच्यात खोट आहे. आणि सगळ्यावर एकच उतारा: लग्न लावून द्या, आपोआप सुधरंल.

सुधरत नाही, मायबापहो! एकाच्या जागी दोघांचं आयुष्य नासतं. सून म्हणून आलेल्या लेकीला वाटतं, आपल्यातच काही उणं आहे. मन आणि शरीर नको म्हणत असताना नांदायला धाडलेल्या लेकीचं तर काय होतं, ते तिलाच ठाऊक. नवऱ्यानं बायकोवर केलेली सक्ती आपला कायदा अजूनही बलात्कार मानत नाही. नवी न्याय संहिता आली, तीतही पत्नी अठरा वर्षांची झाली की तो अपवाद तसाच आहे.

इथं मला डॉ. रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न लावलेल्या या मुलीला नांदायला आणण्यासाठी नवऱ्यानं 1884 साली दावा लावला. 1887 साली कोर्टानं बजावलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही, असं त्या ठणकावून म्हणाल्या. रखमाबाई असेक्शुअल होत्या, असं मी म्हणत नाही. त्यांचा लढा संमतीशिवाय लादलेल्या लग्नाशी होता. पण नकाराचा हक्क त्यांनी मागितला, आणि तोच हक्क ही माणसं आज मागत आहेत. नांदायला आणण्याचा तो दावा 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही जिवंत आहे. 1983 साली आंध्र उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं, 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध मानलं. हे कलम गेलंच पाहिजे.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनाही उत्तर देते. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव संसारी होते, राजाई त्यांच्या घरी होती. ज्ञानदेव आणि मुक्ताबाई यांनी लग्न केलं नाही. तरी वारकऱ्यांनी सगळ्यांना एकाच भक्तीनं डोक्यावर घेतलं. आज आपण संन्याशाच्या पाया पडतो, कारण त्यानं इच्छा मारली. ज्याला ती इच्छाच नाही, पण जो भगवी वस्त्रं न घालता शेत करतो, शाळेत शिकवतो, त्याला मात्र भावकी जगू देत नाही. हा कुठला न्याय? साऱ्या मुलखाला हळद पुरवणाऱ्या या जिल्ह्यानं ठणकावून सांगावं, की अंगाला हळद लागली नाही म्हणून कुणी अर्धा माणूस ठरत नाही.

आता लेखकांनो, तुमच्याकडे वळते. आपल्या कथांमधली बिनलग्नाची आत्या एकतर प्रेमभंगानं पोळलेली असते, नाहीतर खाष्ट. बिनलग्नाचा काका हसण्यापुरता. सुखानं एकटं राहणारं माणूस लिहायला आपली लेखणी का कचरते? र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, पण प्रश्नांना उत्तरं देण्याचा बाणा हरला नाही. त्या बाण्याचे वारस म्हणवणाऱ्यांना गप्प बसता येणार नाही.

म्हणून माझं सांगणं थेट आहे. आईबापांनो, स्थळ बघण्याआधी लेकराला विचारा आणि 'नको' म्हणालं तर कारण मागत बसू नका. डॉक्टरांनो, जो आजार नाही त्याचं औषध देऊ नका. लेखकांनो, या माणसांना तुमच्या पानांवर मानानं जागा द्या. आणि या मंडपात मनातल्या मनात 'हे माझंच आहे' असं म्हणणारं कुणी बसलं असेल, तर त्याला, तिला सांगते: तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही. बदलायचं आहे ते आम्हाला.