डोक्यात पसरलं म्हणजे काय?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला कर्करोगाचा रुग्ण मोठ्या शहरात नेला आणि तिथून 'आता डोक्यात पसरलंय' असा निरोप आला, की घरात दोनच बोलणी होतात. कोणी म्हणतं, आता नेऊन काय उपयोग, घरीच ठेवा. कोणी म्हणतं, वावर गेलं तरी चालेल, पण मुंबईला न्या. दोघंही मायेनंच बोलतात. पण मूळ रोग कोणता आणि डोक्यात गाठी किती, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. आज उपचार ठरतो तो याच उत्तरावर. पूर्वी तसं नव्हतं.

मेंदूत गेलेली ही गाठ मेंदूची नसते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत पोचल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्तनाच्याच दिसतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं १८८९ साली याला बी आणि जमिनीची उपमा दिली होती. शेतकऱ्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

मेंदूकडे सर्वांत जास्त जातो तो फुफ्फुसाचा कर्करोग, त्याखालोखाल स्तनाचा. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. पण तो मानेतल्या गाठींकडे वळतो, मेंदूत क्वचितच जातो. यातून तंबाखूला माफी मिळाली असं मात्र कोणी समजू नये. बिडीचा धूर फुफ्फुसात जातो, आणि फुफ्फुसातून मेंदूची वाट सरळ आहे.

मेहकरकडच्या एका बाईंची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्यांची स्तनाची शस्त्रक्रिया झालेली. नंतर सकाळी उठलं की डोकं दुखे, उलटी होई. महिनाभर पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग चष्म्याचा नंबर तपासून झाला. एक दिवस भाकरी थापताना उजवा हात साथ देईना, तेव्हा कुठे स्कॅन झाला. जुन्या दुखण्याची फाईल घरात पत्र्याच्या पेटीत होती. ती एकाही डॉक्टरला दाखवलेली नव्हती. का, तर 'तो आजार बरा झाला होता'!

अशा रुग्णासाठी १९५० च्या दशकापासून एकच मुख्य उपचार होता: सगळ्या डोक्याला शेक, म्हणजे किरणोपचार. पुढे मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन आलं आणि डोकेदुखीला पुष्कळ आराम पडू लागला. पण आयुष्य वाढे ते थोड्या महिन्यांनीच. १९९० साली अमेरिकेत डॉ. रॉय पॅचेल यांनी मेंदूत एकच गाठ असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता शेक घेतलेले निम्मे रुग्ण १५ आठवड्यांपर्यंत जगले होते. आधी गाठ काढून मग शेक घेतलेल्यांत तोच आकडा ४० आठवडे होता. एक गाठ आणि अनेक गाठी यांत फरक करायला हवा, हे तेव्हा पक्कं झालं.

त्यानंतर नेमक्या गाठीवरच किरण रोखण्याची पद्धत रुळली. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांचं गॅमा नाइफ त्यातलंच. नावात सुरी असली तरी कापाकापी नाही. मोजक्या गाठी असतील तर आज बहुधा हाच मार्ग घेतात, कारण सगळ्या डोक्याला दिलेल्या शेकानं पुढे विसरभोळेपणा येऊ शकतो.

औषधांची गोष्ट याहून नवी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना निसर्गानं एक पहारा ठेवलाय, बरीच जुनी औषधं तिथंच अडत. आता ऑसिमर्टिनिब, टुकॅटिनिब यांसारख्या गोळ्या आत पोचतात. मात्र त्या सरसकट चालत नाहीत. पहिली फुफ्फुसाच्या कर्करोगात, तीही ईजीएफआर नावाचा बदल असेल तरच. दुसरी हर-टू प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात, इतर औषधांच्या जोडीनं. हा प्रकार कळतो तो गाठीचा तुकडा तपासल्याच्या अहवालातून. शिवाय ही औषधं महाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि शेक बसतात, पण प्रत्येक नवं औषध बसेलच असं नाही. ते आधी विचारून घ्यावं.

आता वावर विकायला निघालेल्यांसाठी. फुफ्फुसाचा रोग मेंदूत पसरलेल्या आणि शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार शक्य नसलेल्या पाचशेवर रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना औषधांबरोबर सगळ्या डोक्याला शेक दिला, निम्म्यांना फक्त औषधं आणि शुश्रूषा. आयुष्यात म्हणावा असा फरक पडला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मलकापूर किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीत घालण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: याचा यांना नेमका काय फायदा? प्रवास न करण्याचा सल्ला मिळाला, तर तो हलगर्जीपणाच असतो असं नाही. आणि जायचंच ठरलं तरी दर वेळी मुंबईच हवी असं नाही. साधा शेक नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही मिळतो.

मेहकरच्या त्या बाईंच्या मुलानं शेवटी पेटी उघडली. फाईलमधले बरेच कागद ओल लागून चिकटले होते. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल मात्र वाचता येत होता. त्यावर हर-टू पॉझिटिव्ह असं लिहिलेलं होतं. गाठी दोनच होत्या. त्यांचा उपचार त्या एका कागदावरून ठरला. पुढचा पोळा त्यांनी घरी केला, पुरणपोळ्या मात्र सुनेनं लाटल्या.