बाळाच्या अंगावरील लाल गाठ आणि कार्यकारणभाव



तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल डाग उमटून वाढू लागला की, ‘आईने ग्रहण पाळले नाही’ असा ठपका आजही काही घरांत ठेवला जातो. आम्ही डॉक्टर या डागास हिमँजिओमा म्हणतो. ती रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ होय, कर्करोग नव्हे. आपल्या वेलिंग्टनमधील गिलीज मॅकइंडो संशोधन संस्थेनेही तिचा अभ्यास केला आहे.

पेशींची वाढ आवरणाऱ्या यंत्रणांपैकी एक म्हणजे मायक्रो-आरएनए. हे सूक्ष्म रेणू जनुकाच्या संदेशाला चिकटून प्रथिनाची निर्मिती रोखतात. त्यांचे प्रमाण बिघडल्यास वाढीवरील लगाम सैल होऊ शकतो. १९९३ साली लागलेल्या या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी वारेत आढळणारे मायक्रो-आरएनए हिमँजिओमातही असल्याचे अमेरिकी संशोधकांनी २०१६ साली दाखविले.

बहुतेक गाठी काही वर्षांत आपोआप ओसरतात. मात्र डोळ्याजवळ गाठ असल्यास, श्वासाला अडथळा होत असल्यास वा व्रण पडल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, हेही ध्यानी असावे. प्रॉप्रॅनोलॉल हे औषध यावर गुणकारी असल्याचे २००८ साली फ्रान्समध्ये आढळले.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिप्रामाण्याचा मार्ग दाखविला. तेव्हा व्याधीचे कारण पेशीत शोधावे, मातेच्या माथी मारू नये, एवढीच आमची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!