जो लुई : मुठीची मजुरी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा म्हणजे गिरणीचे फाटक आणि युनियनची कचेरी. मुष्टियुद्धावर आम्ही काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. परंतु जो लुई हा अंगबळावर पोट भरणारा माणूस होता. आणि अशा माणसाच्या कमाईचा हिशेब मांडणे हा तर आमचा नित्याचाच उद्योग.

१९१४ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. १९२६ साली हे कुटुंब पोटामागे डेट्रॉइटला आले. तेथे फोर्डच्या कारखान्यातही त्याने काम केले. १९३२ साली हौशी म्हणून तो पहिल्यांदा रिंगणात उतरला, तेव्हा जॉनी मायलरने त्याला सात वेळा लोळविले. हौशी खेळाडूला रोख पैसा घेण्याची बंदी होती. दुकानातून सामान घेण्याची चिठ्ठी तेवढी मिळे. त्यावर घर कसे चालावे? तरी पोरगा हटला नाही. १९३४ साली तो राष्ट्रीय हौशी विजेता झाला आणि त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोत धंदेवाईक म्हणून पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकला.

१९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला हरविले. पण १९३७ साली जेम्स ब्रॅडॉकला पाडून तो जगज्जेता झाला. हा ब्रॅडॉक मंदीच्या काळात गोदीत राबलेला गडी. ही लढत देण्यापूर्वी त्याच्या व्यवस्थापकाने पुढील दहा वर्षांच्या नफ्यात दहावा हिस्सा लिहून घेतला होता! करार कशाला म्हणतात, ते येथे पाहावे. १९३८ साली श्मेलिंगशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा लुईने १२४ सेकंदांत निकाल लावला. १९४९ पर्यंत त्याने २५ वेळा आपले पद राखले.

आणि पैसा? लढतींतून सुमारे ४६ लाख डॉलर जमले. त्याच्या हाती आठेक लाख आले, असे सांगतात. बाकीचे व्यवस्थापकांत आणि इतर वाटेकऱ्यांत गेले. १९४२ साली त्याने दोन लढतींची बिदागी आरमाराच्या व लष्कराच्या मदतनिधीस दिली आणि स्वतः महिना २१ डॉलरांचा शिपाई झाला. त्या दान केलेल्या पैशावरही करखात्याने कर लावला!

तो उधळ्या होता, असे कोणी म्हणेल. होता. पण मंदीत कुटुंबाने घेतलेली सरकारी मदत डेट्रॉइट शहराला परत करणाराही तोच होता. कर फेडण्यासाठी निवृत्ती मोडून १९५० साली तो पुन्हा उतरला आणि हरला. १९५१ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकले. पुढे तो पोटासाठी कुस्त्या खेळला, लास व्हेगासच्या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करीत उभा राहिला. १९८१ साली तो वारला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत जुना प्रतिस्पर्धी श्मेलिंगही होता.

आपल्याकडे १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, कारण अंगबळ ओसरते हे कामगाराला ठाऊक होते. मल्ल असो, मुष्टियोद्धा असो, जो शरीर झिजवून आपल्याला आनंद देतो त्यालाही लेखी करार, उघडा हिशेब आणि म्हातारपणाची तरतूद हवी. टाळ्या वाजविताना आपण एवढे विचारावे, की तिकिटाच्या रुपयातले किती आणे त्याच्या घरी पोहोचतात?